अडलेल्या गाडीचा वाली कोण?

श्रोतेहो, जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर म्हणून एक गांव आहे. परतूर तालुक्यांतील हें गांव. येथें परतूरकडे जाणारा रस्ता फुटतो, आणि म्हणून प्रवाशांच्या तोंडीं ‘वाटूर फाटा’ हेंच नांव अधिक बसलेलें आहे. नकाशांत शोधूं गेल्यास तो केवळ एक ठिपका. परंतु ज्याची मोटार रात्रीं नऊच्या सुमारास या फाट्याच्या कोसभर अलीकडे बंद पडली, आणि ज्याच्या सोबत वृद्ध आई व लहान मूल आहे, त्याच्या लेखीं त्या क्षणीं जगांत दोनच ठिकाणें उरतात. एक, जेथें गाडी अडली आहे तें. आणि दुसरें, जेथें तिला सोडविणारा कोणी राहतो तें. या दोन ठिकाणांमधील अंतर कोणीं, कशाच्या मोबदल्यांत आणि कोणाच्या वचनावर तोडावयाचें, हा प्रश्न मोटारीहून पुष्कळ जुना आहे. तो चाकाइतका जुना आहे. त्या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. आणि तो सांगतां सांगतां, ज्या घरीं एकाहून अधिक मोटारी आहेत त्या घरानें ही हमी परवडेल अशा रीतीनें कशी निवडावी, या व्यवहाराच्या गोष्टीकडेही वळावयाचें आहे.

प्रथम मोटारीच्या पूर्वींचा काळ पाहूं. आपल्या मुलखांत वाहन म्हणजे बैलगाडी. तिचा आंस मोडे, आरे सैल होत, लोखंडी धांव निसटे. अशा वेळीं धनी कोणाकडे जाई? गांवच्या सुताराकडे आणि लोहाराकडे. हे दोघेही बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांव-गाडा’ या आपल्या ग्रंथांत ही सारी व्यवस्था बारकाईनें वर्णिली आहे, आणि ग्रंथाला गाड्याचेंच नांव द्यावें हेंही सूचक आहे. कुणब्यानें सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याचा ठरलेला वांटा द्यावा, आणि त्याच्या बदल्यांत बलुतेदारानें वर्षभर त्याचीं आउतें नीट ठेवावीं, अशी ही रीत. लांकूड आणि लोखंड धन्याचें, हात कारागिराचे. गाडीचें किरकोळ काम या करारांत मोडे कीं त्याची मजुरी निराळी, हें ज्या त्या गांवच्या रिवाजावर अवलंबून असे.

आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ही वार्षिक वर्गणीची हमीच होय. तिचीं तीन लक्षणें ध्यानांत ठेवावीं, कारण पुढें त्यांचा उपयोग होणार आहे. पहिलें लक्षण असें कीं, बलुतें घराकडून घेतलें जाई. एकेका नांगराची किंवा एकेका पाभरीची निराळी वर्गणी नसे. घरांत आउतें किती याची मोजदाद करीत बसण्यापेक्षां घराची शेती किती हें पाहिलें जाई. दुसरें लक्षण असें कीं, आउत मोडो वा न मोडो, धान्य द्यावयाचेंच. ज्याचें मोडलें नाहीं त्याच्या धान्यावर, ज्याचें मोडलें त्याचें काम होई. आणि तिसरें लक्षण असें कीं, ही हमी गांवच्या शिवेपाशीं संपे. परगांवच्या रानांत आंस मोडला तर तेथील लोहारावर वाटसरूचा कांहीं हक्क नसे. तेथें त्याला पदरचे पैसे किंवा लोकांचा चांगुलपणा यांवरच विसंबावें लागे.

या व्यवस्थेचें गोड चित्र मात्र मला रंगवावयाचें नाहीं. बलुतेदाराचा धंदा जन्मानें ठरलेला होता. काम नाकारण्याची मुभा त्याला क्वचितच असे, आणि पीक बुडालें कीं त्याचा वांटाही बुडे. घराला मिळणारी निश्चिंती ही कारागिराच्या अनिश्चितीवर उभी होती. कोणतीही स्वस्त हमी पाहिली कीं तिची किंमत शेवटीं कोण भरतो हें विचारावें. हा धडा आपल्याला बलुत्याच्या इतिहासांतच मिळतो.

आतां मराठवाड्याकडे येऊं. हा मुलूख तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे जालना आणि परतूर या गांवांवरून गेली. रेल्वेनें एक नवी गोष्ट आणली: वाहन बिघडलें तर तें प्रवाशाचें दुखणें राहिलें नाहीं. इंजिन बंद पडलें तर दुसरें इंजिन आणणें हें कंपनीचें काम. उतारूनें फार तर खिडकींतून डोकावावें. पुढें १९३२ च्या जूनमध्यें निजाम सरकारच्या रेल्वेनें रस्त्यावरील बसवाहतूकही स्वतःच्या हातीं घेतली. आरंभीं तिच्यापाशीं २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. म्हणजे दर गाडीमागें सहा माणसें पडलीं. मुंबई इलाख्याच्या बाजूस १ जून १९४८ रोजीं पुणें आणि अहमदनगर यांच्या दरम्यान एस्. टी.ची पहिली गाडी धांवली, आणि तेथेंही गाडीबरोबर तिच्या दुरुस्तीचा भार संस्थेवर आला.

हे आंकडे मीं उगाच सांगितले नाहींत. ज्याच्यापाशीं पुष्कळ गाड्या आहेत त्याला बाहेरच्या हमीची गरज नसते. तो स्वतःच स्वतःचा विमेदार असतो. एक गाडी अडली तर दुसरी निघते, आणि कारागीर पगारावर असतातच. ज्याच्यापाशीं एकच गाडी आहे त्याला असें करतां येत नाहीं. एका बिघाडानें त्याचें सर्वच वाहन बंद पडतें. आणि ज्या घरापाशीं दोन-तीन गाड्या आहेत तें या दोहोंच्या मध्यें लोंबकळत असतें. पदरीं कारागीर ठेवण्याइतक्या गाड्या नाहींत, आणि प्रत्येकीची हमी निरनिराळी घ्यावी तर पैसा जातो. आजच्या शहरी कुटुंबाची अडचण नेमकी हीच आहे.

या अडचणीवर पश्चिमेकडील मोटारवाल्यांनीं जो उपाय काढला तो मोठा मनोरंजक आहे. १९०५ सालीं लंडनमध्यें ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ नांवाची संस्था स्थापन झाली. तिचा मूळ हेतु अडलेल्यास मदत करणें हा नव्हताच! वेगमर्यादा मोडणाऱ्यांस पकडण्यासाठीं पोलीस रस्त्याकडेला दबा धरून बसत. त्यांची आगाऊ सूचना सभासदांस मिळावी म्हणून संस्थेनें सायकलीवरून फिरणारे पहारेकरी नेमले. ज्या मोटारीवर संस्थेचा बिल्ला असे तिला हा पहारेकरी सलाम करी. आणि पुढें कांहीं धोका असल्यास सलाम करीत नसे. न केलेल्या सलामाचा अर्थ सभासदानें ओळखावयाचा. परंतु माणूस रस्त्यावर उभा राहिला कीं पुढचें पाऊल आपोआप पडतें. अडलेल्या सभासदाची गाडी तो पाहूं लागला, चाक बदलूं लागला, आणि थोड्याच वर्षांत रस्त्याकडेला संस्थेच्या टेलिफोनच्या खोपट्या उभ्या राहिल्या. त्यांची किल्ली प्रत्येक सभासदापाशीं असे.

अमेरिकेंत अशीच संघटना १९०२ सालीं शिकागो येथें उभी राहिली. जर्मनींत १९०३ सालीं मोटारसायकलवाल्यांनीं काढलेली संस्था पुढें मोटारवाल्यांची झाली, आणि १९५४ पासून तिच्या पिवळ्या गाड्या अडलेल्यांच्या मदतीस फिरूं लागल्या. आपल्याकडेही हें वारें लवकरच आलें. कलकत्त्यास १९०४ सालीं, आणि मुंबईस १९१९ सालीं ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ या नांवानें मोटारवाल्यांचे संघ स्थापन झाले. परदेशीं मोटार नेण्याचे परवाने मिळवून देण्यापासून सभासदांच्या अनेक अडचणी या संघांनीं अंगावर घेतल्या.

या संघांचें मर्म काय होतें? मर्म हें कीं, तेथें वर्गणी देऊन जो आंत येई तो माणूस. मोटार हें त्याच्या सभासदत्वाचें निमित्त. आजही इंग्लंड-अमेरिकेंतील जुन्या संघांची व्यक्तिगत हमी सभासदाबरोबर चालते. तो आपल्या गाडींत बसो, मुलाच्या गाडींत बसो किंवा मित्राच्या. बलुत्यांत वर्गणीचा धनी घर होतें, संघांत तो माणूस झाला. तिसरा टप्पा विम्याचा. त्यांत वर्गणीचा धनी झाली खुद्द गाडी!

हें कसें घडलें तें पाहण्यासारखें आहे. ब्रिटिश हिंदुस्थानांत मोटारींविषयींचा पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ चा. त्यानंतर १९३९ चा कायदा आला, आणि त्यांतील विम्याचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलांत आलें. तेव्हांपासून, आपल्या मोटारीनें दुसऱ्या कोणास इजा झाली तर त्याची भरपाई व्हावी म्हणून विमा सक्तीचा झाला. १९८८ च्या कायद्यानेंही ती सक्ती कायम ठेवली. येथें एक भेद नीट समजून घ्यावा. कायद्याची सक्ती ही परक्या माणसाच्या रक्षणासाठीं आहे. आपली गाडी ठोकरली, चोरीस गेली किंवा वाटेंत रुसली, तर त्याची चिंता कायदा करीत नाहीं. ती ज्याची त्यानें करावयाची.

१ जानेवारी १९७३ पासून सामान्य विम्याचें राष्ट्रीयीकरण झालें. १०७ विमा संस्था एकत्र करून चार सरकारी कंपन्या करण्यांत आल्या. दर सर्वत्र एकच ठरलेले असत, त्यामुळें निवडीचा प्रश्नच फारसा नव्हता. १९९९ च्या कायद्यानें विमा नियामक प्राधिकरण आलें, २००० सालापासून खासगी कंपन्यांस पुन्हा वाव मिळाला, आणि २००७ च्या आरंभापासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांस मिळाली. मग मुख्य विम्यास जोडून देण्याच्या अनेक पुरवण्या निघाल्या, आणि ‘रस्त्यावरील मदत’ ही त्यांतील एक झाली. जी मदत एके काळीं बंधुभावाची होती ती विमापत्राच्या तळाशीं एका ओळींत येऊन बसली.

गाडीगणिक विमापत्र असल्यानें पुरवणीही गाडीगणिक आली. तीन मोटारी तर तीन हप्ते, आणि नूतनीकरणाच्या तीन तारखा. यांतील एक तारीख चुकली कीं त्या गाडीची हमीही गेली. आणि हें कळतें केव्हां, तर फाट्यावर उभें राहिल्यावर!

मालकाकडे पुन्हा पाहण्याची सुरुवात अलीकडे झाली आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा पूर्वीं प्रत्येक गाडीमागें भरावा लागे; २०१९ च्या आरंभापासून तो स्वतंत्रपणें एकदां घेतला म्हणजे त्याच माणसाच्या इतर गाड्यांसाठीं पुन्हा घ्यावा लागत नाहीं. जुलै २०२२ मध्यें प्राधिकरणानें आणखी एक पाऊल टाकलें. एकाच व्यक्तीच्या मालकीच्या दुचाकी व खासगी मोटारी यांच्यासाठीं एकच सामाईक पुरवणी, जिला विमावाले ‘फ्लोटर’ म्हणतात, ती देण्यास कंपन्यांस परवानगी मिळाली. कल्पना सरळ आहे. एका माणसाच्या तीन गाड्या असल्या तरी तो एका वेळीं एकच चालवितो. तिन्ही एकाच रात्रीं अडण्याचा संभव अगदींच थोडा. म्हणून तिन्हींची हमी एकत्र घेतल्यास ती तिप्पट पैशांची असण्याचें कारण नाहीं.

परंतु ‘एकाच व्यक्तीच्या’ हे शब्द विसरूं नये. आपल्या घरांतून एक मोटार वडिलांच्या नांवावर, दुसरी सुनेच्या नांवावर आणि तिसरी मुलाच्या नोकरीच्या निमित्तानें त्याच्या नांवावर असते. घर एक, चूल एक, गाड्यांच्या किल्ल्या एकाच खुंटीवर. तरी कागदावर तीन मालक. अशा घरास ही सामाईक सोय लागू पडत नाहीं. बलुत्याच्या व्यवस्थेनें जें घर ओळखलें होतें तें विम्याच्या कागदानें अद्याप ओळखलेलें नाहीं.

मग अशा घरानें करावें काय? इतिहासानें तीन धनी दाखविले: घर, माणूस आणि गाडी. कोणतीही हमी घेतांना पहिला प्रश्न हाच विचारावा, कीं हिचा धनी कोण? गाडी असेल तर प्रत्येक गाडीचा हिशेब निराळा करावा. नवी मोटार असेल तर बनविणाऱ्या कंपनीनेंच कांहीं वर्षांची मदत बहुधा दिलेली असते. तिच्यावर विम्याची तीच पुरवणी घेणें म्हणजे एका छत्रीवर दुसरी छत्री धरणें. उलट, अंगणांत उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या जुन्या मोटारीला आपण केवळ कायद्यापुरता परक्याच्या नुकसानीचा विमा उतरवितों. त्याला ही पुरवणी बहुधा जोडतां येत नाहीं. म्हणजे जी कधीं अडत नाहीं तिला दुहेरी हमी, आणि जी हमखास अडते तिला एकही नाहीं, असा विपरीत प्रकार पुष्कळ घरीं आढळतो. जुन्या गाडीसाठीं निराळी विकत मिळणारी मदतीची योजना घ्यावी आणि नवीची पुरवणी वगळावी. येथेंच पहिली बचत होते.

आतां थोडें गणित करूं. आंकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. समजा, एका गाडीची हमी वर्षाला १,००० रुपयांस मिळते. तीन गाड्यांचे ३,००० रुपये झाले. समजा, रात्रीं दुरून क्रेन आणून गाडी न्यावयास ४,५०० रुपये पडतात, आणि घरांतील तिन्ही गाड्या मिळून असा प्रसंग दोन वर्षांतून एकदां येतो. म्हणजे सरासरी वर्षाचा खर्च २,२५० रुपये. या हिशेबानें तीन निराळ्या हमी घेणें महाग पडलें. परंतु नव्या गाडीची पुरवणी वगळली, आणि अडण्याचा बहुतेक संभव दोन जुन्या गाड्यांचाच धरला, तर २,००० रुपयांत काम होतें आणि तें परवडतें. एकत्रित योजना याहून कमी पैशांत मिळाली तर उत्तमच. ज्याला असा हिशेब करूनही हमी महाग वाटते त्यानें दुसरा मार्ग धरावा: तेवढीच रक्कम दरवर्षीं निराळी काढून ठेवावी. एस्. टी.सारख्या संस्था हेंच मोठ्या प्रमाणावर करतात. मात्र पैसा बाजूस ठेवला म्हणजे रात्रीं नऊ वाजतां क्रेन कोणास मागावी हें कळत नाहीं. हमीच्या हप्त्यांत पैशाबरोबर ही ओळखही विकत मिळते.

दुसरा प्रश्न विचारावा तो शिवेचा. बलुत्याची हमी गांवच्या शिवेपाशीं संपत होती. आजच्या हमीलाही शीव असते, पण ती कागदाच्या बारीक अक्षरांत दडलेली असते. गाडी किती किलोमीटरपर्यंत फुकट ओढून नेतील? समजा ही मर्यादा २५ किलोमीटर असेल, तर वाटूर फाट्यावर अडलेली गाडी जालन्यास पोंचण्यापूर्वींच ती संपेल, आणि पुढचे पैसे दर किलोमीटरला मोजून द्यावे लागतील. मुंबई-पुण्याच्या माणसाला ही अट लक्षांतही येणार नाहीं. मराठवाड्यांत सासर किंवा शेती असणाऱ्यानें ती आधीं वाचावी. वर्षांतून किती वेळां बोलावतां येईल? आणि ही संख्या प्रत्येक गाडीची कीं सर्व घराची? टायर बदलणें, बॅटरीला चालना देणें, इंधन आणून देणें यांत मजुरी धरली असली तरी इंधनाचे आणि सुट्या भागांचे पैसे बहुधा आपलेच असतात. विजेवर चालणारी मोटार असेल तर ती दोराने ओढून न्यावयाची नसते, सपाट पाठीच्या गाडीवर चढवून न्यावी लागते. तशी गाडी त्या भागांत मिळते काय, हेंही विचारावें.

तिसरा प्रश्न सर्वांत साधा. योजना घेण्यापूर्वीं मदतीच्या क्रमांकावर फोन करून विचारावें, “उद्यां रात्रीं नऊ वाजतां वाटूर फाट्याजवळ गाडी बंद पडली, तर माणूस कोठून येईल, आणि किती वेळांत?” वाटूरच्या जागीं आपापल्या वाटेवरील गांव घालावें. या प्रश्नाचें सरळ उत्तर जो देईल त्याची हमी थोडी महाग असली तरी घ्यावी. जो ‘सर्व भारतभर’ एवढेंच म्हणेल त्याची स्वस्त असली तरी दोनदां विचार करावा. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ आणि कोठेंही जिवावरच्या प्रसंगीं ११२ हे क्रमांक सरकारनें दिलेले आहेत; ते घरांतील प्रत्येकाच्या मोबाइलमध्यें असावेत, कारण त्यांना हप्ता लागत नाहीं.

जालना जिल्ह्यांतून आतां समृद्धि महामार्गही गेला आहे. डिसेंबर २०२२ मध्यें त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग, आणि जून २०२५ मध्यें ७०१ किलोमीटरचा सर्व मार्ग खुला झाला. अशा मार्गावर वेग वाढला, आणि अडलेल्या गाडीजवळ उभें राहण्याचा धोकाही वाढला. म्हणून मदत येईपर्यंत माणसांनीं गाडींतून उतरून कठड्यापलीकडे थांबावें, ही गोष्ट कोणत्याही विमापत्रापेक्षां मोलाची आहे.

श्रोतेहो, चाकाचा शोध लागला तेव्हांच चाक अडण्याचाही शोध लागला. मधल्या काळांत धान्याचा वांटा गेला, बिल्ला आला, बिल्ला जाऊन विमापत्र आलें. पण वचन एकच राहिलें, कीं वाटेंत अडलेल्यास कोणी तरी सोडवील. हें वचन विकत घेतांना आपण पैशांची काटकसर जरूर करावी, मात्र तें वचन वाटूरच्या फाट्यापर्यंत पोंचतें कीं नाहीं हें पाहून करावी. जें वचन तेथवर पोंचत नाहीं, त्याला कितीही थोडे पैसे दिले तरी ते वायां गेलेच म्हणावयाचे. आणि एखाद्या रात्रीं तुमची गाडी चालू असेल आणि दुसऱ्याची अडली असेल, तर क्षणभर थांबून विचारपूस करावी. ती रीत बलुत्याहूनही जुनी आहे, आणि तिला शीव नाहीं.